अदृश्य ठसे आणि उजळणारी द्रव्ये

इ. स. १८९७ साली उत्तर बंगालातील जलपैगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा राहत्या बंगल्यात गळा चिरून खून झाला आणि त्याच्या पेटीतील ऐवज लंपास झाला. संशय घ्यावा अशी माणसे थोडीथोडकी नव्हती. पण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मात्र एकही नव्हता. घटनास्थळी सापडलेल्या जिनसांत निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग होते, आणि त्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. ते पंचांग कलकत्त्याच्या नव्यानेच स्थापन झालेल्या अंगुलीमुद्रा कार्यालयात गेले, तेव्हा त्यांपैकी एका डागात उजव्या अंगठ्याच्या रेषा ओळखता आल्या, आणि दप्तरी असलेल्या एका माजी कैद्याच्या मुद्रेशी त्या तंतोतंत जुळल्या. हा मनुष्य पूर्वी त्याच व्यवस्थापकाच्या पदरी नोकर होता व चोरीबद्दल शिक्षा भोगून आलेला होता. १८९८ साली खटला चालला. चोरीचा आरोप शाबीत झाला, परंतु प्रत्यक्ष वार करताना कोणी पाहिले नाही म्हणून खुनाच्या आरोपातून त्याची मुक्तता झाली. अंगुलीमुद्रेच्या पुराव्यावर झालेल्या जगातील अगदी आरंभीच्या शिक्षांत या शिक्षेची गणना होते.

तो अंगठा दिसला याचे कारण एवढेच की, तो रक्ताने माखलेला होता. हात स्वच्छ असता तर तेच पंचांग, तोच अंगठा आणि तोच दाब असूनही वेष्टन कोरेच दिसले असते, आणि तपासणाऱ्याने ते बाजूला ठेवून दिले असते. गुन्ह्याच्या जागी जे ठसे उमटतात त्यांतील बहुतेक सर्व या दुसऱ्या जातीचे, म्हणजे अदृश्य असतात. आणि त्यांना दृश्य करण्याच्या विद्येत गेल्या अर्धशतकात जी मोठी क्रांती घडली, ती प्रकाश गिळून निराळ्याच रंगाचा प्रकाश परत देणाऱ्या, म्हणजे प्रतिदीप्त, द्रव्यांनी घडवली आहे.

बोटाच्या टोकावरील त्वचा सपाट नसून तिच्यावर बारीक कंगोऱ्यांची रांगोळी असते. आपल्याकडे कोणाच्या बोटांवर किती चक्रे आणि किती शंख हे पाहण्याचा प्रघात जुना आहे. शास्त्रज्ञांनीही मुद्रांचे मुख्य वर्ग याच आकृतींवरून पाडले. हे कंगोरे मूल गर्भात असतानाच, तिसऱ्या महिन्यापासून घडू लागतात व सहाव्या महिन्याच्या सुमारास कायम होतात. गर्भातील सूक्ष्म दाब, द्रवाची हालचाल, वाढीची गती अशा असंख्य आकस्मिक कारणांचा त्यांवर परिणाम होत असल्यामुळे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचे ठसेही सारखे नसतात. प्रत्येक कंगोऱ्याच्या माथ्यावर घर्मरंध्रांची ओळ असते. बोट कोठेही टेकले की त्या कंगोऱ्यांवरील ओलावा पृष्ठभागावर उतरतो. या ओलाव्यात पाण्याचा अंश शेकडा ९८ च्या घरात असतो आणि तो पाहता पाहता उडून जातो. मागे उरतात ते काही क्षार, युरिया, ॲमिनो आम्ले आणि, मनुष्याचा हात वारंवार कपाळाला वा केसांना लागत असल्यामुळे, थोडे तेलकट द्रव्य. हे अवशेष वजनाने इतके अल्प असतात की चांगला तराजूही त्यांची दखल घेणार नाही. एवढ्याशा द्रव्यावर मनुष्याची ओळख, आणि कधी कधी त्याचे प्राण, अवलंबून असतात.

ओळख पटविण्याचा प्रश्न किती बिकट होऊ शकतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर भाऊसाहेब म्हणून एक मनुष्य उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले फिरले, आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन होईपर्यंत पेशव्यांच्या कारभाऱ्यांस त्याने स्वस्थ झोप लागू दिली नाही. चेहरा, आवाज आणि जुन्या माणसांच्या आठवणी यांखेरीज त्या काळी दुसरी कसोटी नव्हती. पुढे शंभर वर्षांच्या आतच बंगालातील जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल नावाच्या एका तरुण मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली रस्त्याच्या खडीचा मक्ता घेणाऱ्या राज्यधर कोनाई याच्याकडून करारनाम्यावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला. मक्तेदाराने उद्या करार नाकबूल करू नये, एवढाच त्यातील हेतू होता. परंतु त्या ठशाच्या रेषांनी हर्शेलचे कुतूहल जागे झाले. त्याने मित्रांचे, कारकुनांचे व स्वतःचे ठसे वर्षानुवर्षे जमवले, आणि हुगळी येथे दंडाधिकारी असताना १८७७ साली निवृत्तिवेतन घेणारे, दस्तऐवज नोंदविणारे आणि तुरुंगातील कैदी यांच्या मुद्रा घेण्याची पद्धत सुरू केली. स्वतःच्या १८५९ च्या आणि १९१६ च्या ठशांत फरक पडला नाही, हे त्याने उतारवयात दाखवून दिले.

या हर्शेलचे वडील म्हणजे विख्यात खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. हिवतापावरील क्विनीन पाण्यात विरघळविले असता ते द्रावण आरपार पाहताना रंगहीन दिसते, पण सूर्यप्रकाशात त्याच्या पृष्ठभागालगत आकाशी निळी झाक उमटते, हे निरीक्षण त्यांनीच १८४५ साली प्रसिद्ध केले. आणि छायाचित्र कायम करण्यासाठी हायपोचा उपयोग सुचविणारे तेच. म्हणजे प्रतिदीप्तीचे आद्य निरीक्षण, छायाचित्रणाची सामग्री आणि अंगुलीमुद्रांची जोपासना ही तिन्ही सूत्रे एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत होती, आणि तरीही ती एकत्र गुंफली जाण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. शास्त्राच्या इतिहासात इतकी विलक्षण गोष्ट मला तरी दुसरी आढळलेली नाही.

क्विनीनच्या त्या निळ्या झाकेचे रहस्य जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली उलगडले. डोळ्यांस न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण क्विनीनचे रेणू शोषून घेतात. मिळालेल्या ऊर्जेचा थोडा अंश रेणूंच्या कंपनांत खर्ची पडतो. आणि उरलेली ऊर्जा ते प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. ऊर्जा घटली म्हणजे तरंगलांबी वाढते, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश हा आत गेलेल्या प्रकाशाहून निराळ्या रंगाचा असतो. निळा आत गेला तर हिरवा वा पिवळा बाहेर येतो, हिरवा गेला तर नारिंगी वा तांबडा. सगळी किमया या एका फरकात आहे. ठशावर निळ्या प्रकाशाचा झोत टाकला, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व कॅमेऱ्याच्या भिंगापुढे निळा प्रकाश संपूर्ण अडविणारा नारिंगी फिल्टर धरला, तर मूळ झोताचा एक किरणही पलीकडे पोहोचत नाही. वस्तू, तिचे रंग, तिच्यावरील छपाई ही सारी काळोखात बुडतात, आणि जे द्रव्य स्वतः उजळते तेवढेच दिसते. दिवसा आकाशात तारे असतातच, ते दिसत नाहीत इतकेच. येथे सूर्य मावळविण्याची कळ आपल्या हाती येते. ठसा अधिक तेजस्वी करणे हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य नव्हे. त्याच्या सभोवतालचे सर्व काही काळे करणे, हे आहे.

हे तत्त्व कोणासही घरी पडताळून पाहता येईल. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घ्यावी आणि नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात ती अतिनील बॅटरी अंधारात तिच्यावर धरावी. मघाचे साधे पिवळे पाणी हिरवट पिवळ्या तेजाने उजळून निघते. हा गुण हळदीतील कुर्क्युमिनचा, आणि हळदीची पूड ठशांवर वापरून पाहण्याचे प्रयोग भारतीय संशोधकांनी केलेलेही आहेत. त्याच बॅटरीच्या उजेडात शर्टाचे पांढरे कापड आणि वहीचा कागद निळसर चमकतील, कारण त्यांत शुभ्रता वाढविणारी प्रतिदीप्त द्रव्ये घातलेली असतात. ठसे शोधणाऱ्यास हीच मोठी अडचण होते: ठसा उजळतो खरा, पण ज्या कागदावर तो आहे तो कागदही उजळतो, आणि काळोख होतच नाही.

जुने साधन म्हणजे भुकटी आणि कुंचला. काचेवर वा पॉलिश केलेल्या लाकडावर ती आजही उत्तम काम देते. रंगीबेरंगी पृष्ठभागांसाठी प्रतिदीप्त भुकट्याही वापरात आल्या. पण नवे पर्व सुरू झाले ते १९७७ साली. कॅनडातील मिसिसॉगा येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील डफ आणि रोलंड मेन्झेल हे शास्त्रज्ञ आणि ऑन्टॅरिओ प्रांताच्या पोलीस दलातील ब्रायन डॅलरिम्पल या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले की आर्गॉन लेझरच्या निळ्या-हिरव्या झोताखाली काही ठसे कोणतीही भुकटी वा रसायन न लावता आपण होऊन पिवळसर उजळतात. वस्तूला हातही न लावता असा ठसा पाहता येणे ही मोठी नवलाईची गोष्ट होती. मात्र त्या काळचा लेझर म्हणजे भरमसाट वीज खाणारे, थंड ठेवण्यास वाहते पाणी मागणारे अवजड यंत्र होते, ते घटनास्थळी नेणे शक्य नव्हते. आणि उपजत तेज असणारे ठसे थोडेच निघत. म्हणून पुढच्या संशोधकांनी निराळी दिशा धरली: ठशातील द्रव्याशी संयोग पावून प्रतिदीप्त होईल असे रसायन शोधावयाचे.

कागदापुरते हे रसायन अर्धेमुर्धे हाती होतेच. केंब्रिजमध्ये सिगफ्रीड रूहमान यांनी १९१० साली निनहायड्रिन तयार केले होते. ॲमिनो आम्लांशी ते जांभळा रंग देते, हे ठाऊक होते. पण ठसे उमटविण्यासाठी त्याचा उपयोग होईल हे १९५४ साली स्वीडनमधील ओडेन व फॉन हॉफस्टेन यांनी सुचवीपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली. ॲमिनो आम्ले कागदाच्या तंतूंना घट्ट धरून बसतात, जागा सोडीत नाहीत, म्हणून दशकांपूर्वीच्या कागदावरील ठसेही या रीतीने उमटलेले आहेत. तथापि जांभळा रंग दिसण्यास कागद फिका लागतो. तपकिरी लिफाफ्यावर किंवा रंगीत छपाईच्या धनादेशावर तो हरवतो. १९८२ साली मेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने या जांभळ्या ठशावर जस्ताच्या क्षाराचे द्रावण शिंपडून त्याला लेझरखाली उजळते केले. पुढे असे कागद द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर गारठवून पाहण्याची रीत पडली, कारण थंडीत रेणूंची धडपड कमी होते आणि ऊर्जा उष्णतेत वाया न जाता प्रकाशाच्या वाटेने बाहेर पडते. १९९० साली डी.एफ.ओ. या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध असलेले रसायन आले, ज्यास जस्त वा गारठा काहीच लागत नाही. आणि १९९७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील माडेलीन जूलिए यांच्या चमूने पुढे आणलेले इंडेनडायोन हे त्याहूनही सरस निघाले. आज अनेक प्रयोगशाळांत कागदासाठी पहिली पसंती त्यालाच असते.

खंडणीचे एक पत्र प्रयोगशाळेत आले आहे असे समजू. तज्ज्ञ प्रथम ते साध्या उजेडात, मग निरनिराळ्या रंगांच्या झोतांखाली नुसते पाहतो व जे दिसेल त्याचे छायाचित्र घेतो. नंतर चिमट्याने धरून ते पत्र इंडेनडायोन आणि जस्ताच्या द्रावणातून क्षणभर बुडवून काढतो, वाळू देतो, आणि तापविलेल्या दाबयंत्रात सुमारे १६५ अंशांवर दहा सेकंद ठेवतो. बाहेर आलेल्या कागदावर फार तर एक फिकट गुलाबी छटा दिसेल. मग खोली अंधारी होते, हिरवा झोत पडतो, डोळ्यांवर नारिंगी चष्मा चढतो, आणि ज्या कागदावर अक्षरांखेरीज काही नव्हते तेथे पत्राची घडी घालणारी चार बोटे आणि त्यांना मागून आधार देणारा अंगठा सोनेरी रेषांनी उभे राहतात. चांगल्या ठशात कंगोऱ्यांवरील घर्मरंध्रे ठिपक्यांच्या माळेसारखी मोजता येतात. त्यानंतरच निनहायड्रिन, आणि सर्वांत शेवटी रौप्यकणांची प्रक्रिया, जी भिजलेल्या कागदावरील स्निग्ध अवशेषही उमटवते. हा क्रम मोडता येत नाही. प्रत्येक पायरी मागील द्रव्य खर्च करते; घाईने शेवटची पायरी आधी घेतली तर पहिलीचा ठसा कायमचा गेला.

प्लॅस्टिक, धातू आणि काच यांचा मार्ग वेगळा आहे, आणि तो अपघाताने सापडला. जपानमधील सागा प्रांताच्या पोलीस प्रयोगशाळेत १९७७ साली फुसेओ मात्सुमुरा हे एका खुनाच्या तपासात मिळालेले केस काचपट्टीवर झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बसवीत होते. काचेवर आपल्याच बोटांचे ठसे पांढरे होऊन उमटत आहेत असे त्यांच्या ध्यानी आले, आणि मासातो सोबा या सहकाऱ्याने त्यातून पद्धत सिद्ध केली. बंद पेटीत या डिंकाची, म्हणजे सायनोॲक्रिलेटची, वाफ आणि दमट हवा सोडली की ती वाफ ठशाच्या रेषांवरच घट्ट होऊन बसते. पण पांढऱ्या पिशवीवर पांढरा ठसा काय दिसणार? तेथे रोडामाइन ६जी अथवा बेसिक यलो ४० यांसारखा प्रतिदीप्त रंग त्या थरात मुरवतात, जादा रंग धुऊन टाकतात, आणि निळा वा हिरवा झोत टाकताच रेषा पेटल्यासारख्या दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात विकसित झालेल्या ‘पॉलीलाइट’सारख्या फिरत्या दिव्यांनी आणि पुढे एल.ई.डी.ने हे झोत पेटीत घालून घटनास्थळी नेण्याइतके सुटसुटीत केले.

अलीकडे या क्षेत्रात अतिसूक्ष्म कणांची गर्दी झाली आहे. २०२३ साली ज्यांच्या शोधास रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते क्वांटम बिंदू त्यांतलेच. एकाच द्रव्याचा कण लहान असला तर निळा, मोठा असला तर तांबडा उजळतो, म्हणून पृष्ठभागाचा रंग पाहून कणाचा रंग निवडता येतो. कॅडमियमचे बिंदू विषारी असल्यामुळे कार्बनचे बिंदू पुढे येत आहेत. मला स्वतःला याहून महत्त्वाचे वाटतात ते विरल मृदा धातूंचे कण. युरोपियमच्या संयुगाचे तेज झोत बंद केल्यावरही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात टिकते, तर कागदाचे तेज अब्जांशांत विझते. म्हणून झोत विझवून क्षणमात्र थांबावे व मग चित्र घ्यावे, म्हणजे ठसा एकटाच उरतो. यटर्बियम आणि अर्बियम असलेले काही कण तर स्टोक्सच्या नियमाच्या उलट वागतात: ९८० नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त किरण दोन-दोन करून गिळतात आणि हिरवा प्रकाश देतात. कागद, कापड, छपाईची शाई यांपैकी कोणालाच हे जमत नाही, म्हणून नोटेसारख्या मुद्दाम प्रतिदीप्त केलेल्या वस्तूवरही पार्श्वभूमी पूर्ण काळी राहते. दिल्ली विद्यापीठातील जी. एस. सोधी आणि जसजीत कौर यांचा उल्लेख येथे आदराने केला पाहिजे. ठशांच्या भुकट्यांवर, प्रतिदीप्त भुकट्याही त्यांत आल्या, त्यांनी दीर्घ काळ काम केले, आणि कलकत्त्याच्या कार्यालयात मुद्रांचे १,०२४ खणांत वर्गीकरण बसविणारे अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचे श्रेय, जे त्यांचे वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाखाली झाकले गेले होते, तेही त्यांनीच कागदपत्रांनिशी पुन्हा उजेडात आणले.

परंतु या नव्या कणांची जी मनोहर चित्रे प्रसिद्ध होतात त्यांतील पुष्कळ ठसे कपाळावर बोट चोळून, स्वच्छ काचेवर, ताजे उमटविलेले असतात. गुन्हेगार असे ठसे ठेवून जात नाही. त्याचा ठसा घसटलेला, अर्धा, धुळीने माखलेला आणि कित्येक दिवसांचा असतो. अशा ठशावर जे द्रव्य उतरेल तेच खरे, आणि या कसोटीवर जुने इंडेनडायोन आणि जुना डिंक अजून मागे पडलेले नाहीत.

शिवाय प्रकाश दाखवितो, ठरवीत नाही. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. स्फोटकांच्या साहित्याच्या एका प्लॅस्टिक पिशवीवर ठसा मिळाला. आणि अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या अनुभवी तज्ज्ञांनी तो ओरेगन राज्यातील एका वकिलाचा म्हणून निश्चित सांगितले. तो निरपराध गृहस्थ स्थानबद्ध झाला. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन इसमाचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा एफ.बी.आय.ला क्षमा मागावी लागली. उणीव रसायनात नव्हती. संगणकाने कोट्यवधी मुद्रांतून जवळचा सारखेपणा काढून दिला आणि वाचणाऱ्यांनी फरकांकडे डोळेझाक केली.

आपल्याकडे या पुराव्याचे मोल अधिकच आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, हे एकोणिसाव्या शतकापासूनचे तत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. साक्षीदार मात्र फितूर होतात. अंगुलीमुद्रेच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद १८९९ सालीच झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचे नव्या फौजदारी संहितेने बंधन घातले, याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु पंचनाम्याच्या वेळी दहा जणांनी कपाटाचे दार चाचपून पाहिले, मुद्देमाल ओल्या हातांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, धनादेशाला टाचणी टोचून तो फाइलला लावला, तर पुढे प्रयोगशाळेत कोणताही झोत काही दाखवणार नाही. बारा कोसांवरच्या ठाण्यातील हवालदारास चिमटा, कागदी पाकिटे आणि एक दिवसाचे शिक्षण देणे हे महागड्या यंत्राआधी व्हावयास हवे.

एक प्रश्न अद्याप सुटावयाचा आहे: ठसा कोणाचा हे कळले, पण तो उमटला केव्हा? घरातील नोकराचा ठसा घरात असणारच. तो चोरीच्या रात्रीचा की आदल्या महिन्याचा, यावर सारा खटला फिरतो. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी ठशाच्या उपजत प्रतिदीप्तीकडेच पुन्हा वळून या दिशेने प्रयत्न केला. ठशातील प्रथिनांचे तेज दिवसागणिक कमी होते, आणि स्निग्ध द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन जे नवे पदार्थ बनतात त्यांचे तेज वाढत जाते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून काही ठशांचे वय काढता येते असे त्यांनी दाखविले. काहीच ठशांचे, कारण ऊन, उष्मा, हाताची प्रकृती आणि पृष्ठभाग यांप्रमाणे हे घड्याळ पुढेमागे होते. म्हणून आज आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत ‘केव्हा’ असे विचारले, तर तज्ज्ञाने ‘सांगता येत नाही’ असेच उत्तर शपथेवर द्यावयाचे असते.